गव्हाणीत उरलेलं

2004 च्या दिवाळीनंतर बार्शीच्या बाजारात मी एक बोकड घेतला. अकरा हजारांना. तेव्हा आमच्या भागात दोन-अडीच हजारांत चांगली गाभण शेळी मिळत होती. म्हणजे चार-पाच शेळ्यांचे पैसे मी एका बोकडावर लावले. काळाभोर रंग, चमकती कातडी, फळीसारखी सरळ पाठ. धन्यानं त्याला काट्यावर चढवला आणि काटा 68 किलोवर थांबला, तेव्हा भोवती उभी असलेली माणसं एकदम गप्प झाली. मी दात बघितले, खूर बघितले, वृषण हातानं चाचपून दोन्ही सारखे आहेत ना ते पाहिलं. पैदाशीचा बोकड कसा निवडावा याबद्दल जे वाचलं होतं ते सगळं केलं. याला खायला काय घालता, एवढंच विचारलं नाही.

तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर तेव्हा चाळीसएक उस्मानाबादी शेळ्या होत्या. जमीन 14 एकर, त्यातली बहुतेक कोरडवाहू. चारा म्हणजे ज्वारीचा कडबा, तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट, बांधावरची सुबाभूळ आणि दिवसा माळावरची चराई. नव्या बोकडानं पहिले तीन दिवस कडबाकुट्टीला तोंडच लावलं नाही. चौथ्या दिवशी मी त्याच्या जुन्या धन्याच्या गावी गेलो. त्यानं काही लपवलं नाही. मका, शेंगदाणा पेंड आणि रोज सकाळी लिटरभर गाईचं दूध, लहानपणापासून. मी विचारलं असतं तर त्यानं बाजारातच सांगितलं असतं.

तसला खुराक आम्हाला परवडणारा नव्हता. चार महिन्यांत बोकड 54 किलोवर आला. त्याची पहिली करडं सहा महिन्यांची झाली तेव्हा मी ती एकेक करून काट्यावर धरली. जुन्या बोकडाच्या करडांइतकीच, पंधरा किलोच्या आतबाहेर. 68 किलोतला रक्ताचा भाग किती आणि खुराकाचा किती हे काट्यावर दिसत नाही. मी मात्र सगळं रक्ताचंच धरून पैसे मोजले होते.

इथं थांबलो असतो तर नुकसान अकरा हजारांचं झालं असतं आणि विषय संपला असता. पण मला वजनाचा नाद लागला होता. पुढची पाच-सहा वर्षं मी कळपातली निवड एकाच पद्धतीनं केली. तीन महिन्यांची करडं तोलायची, सगळ्यांत वजनदार ती पैदाशीला ठेवायची आणि उरलेली व्यापाऱ्याला द्यायची. वही होती, तारखा होत्या, प्रत्येकाच्या कानात बिल्ला होता. बघायला येणारे लोक वही बघून खूश व्हायचे.

त्या वहीत एक रकाना मी कधी नीट वाचला नाही. करडू एकटं जन्मलं की जुळ्यातलं, हा रकाना. एकट्या करडाला आईचे दोन्ही सड मिळतात, त्यामुळं तीन महिन्यांचं होताना ते जुळ्यापेक्षा दोन-तीन किलोंनी जड दिसतंच. त्यात त्याची कर्तबगारी काही नाही. मी सगळ्यांत जड करडू ठेवत गेलो, म्हणजे बहुतेक वेळा एकटं जन्मलेलं ठेवत गेलो आणि जुळी-तिळी देणाऱ्या शेळ्यांची लेकरं बाजारात पाठवत गेलो. उस्मानाबादी शेळीचं नाव तिच्या जुळ्यांसाठी आहे. तोच गुण मी स्वतःच्या हातानं चाळून बाहेर टाकत होतो. आधी दहातल्या सहा-सात शेळ्या जुळं द्यायच्या, त्या पाचांवर आल्या. सगळा दोष निवडीचा नसेल, एक-दोन वर्षं चाराही कमी होता. पण निवड उलट्या दिशेनं चालली होती यात मला आज शंका नाही.

2009 साली एका शेळीपालन प्रशिक्षणात पशुआनुवंशिकीचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. बाकीचे वक्ते गोठ्याची लांबी-रुंदी, लसीकरण, कर्ज यांवर बोलले. सरांनी फळ्यावर दोन बोकड काढले आणि म्हणाले, "दोघंही 25 किलोचे. दोघंही रोज 80 ग्रॅम वाढतात. यातला कुठला ठेवाल?" सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, कुठलाही ठेवा, सारखेच आहेत. सर म्हणाले, "सारखे दिसतात. एक जण रोज किलोभर सुका चारा खातो आणि दुसरा 850 ग्रॅम. आता बोला."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी खाली मान घालून लिहून घेतलं. 1963 साली अमेरिकेत रॉबर्ट कोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोमांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांवर काम करताना हा विचार मांडला. जनावराचं वजन आणि त्याची वाढ यांवरून त्यानं किती खायला हवं ते आधी काढायचं. मग त्यानं खरोखर किती खाल्लं ते मोजायचं. दोन्हींतला जो फरक उरतो, तो बघायचा. अपेक्षेपेक्षा कमी खाऊन तेवढंच वाढणारं जनावर काटकसरी. त्यानंतर तीस वर्षांनी, 1993 पासून, ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्समधल्या ट्रँगी इथल्या संशोधन केंद्रात याची मोठी चाचणी सुरू झाली. अँगस वळू आणि कालवडी ठेवून प्रत्येकाचा रोजचा चारा यंत्रानं मोजला. एका गटात काटकसरी जनावरांचीच पैदास पुढं नेली, दुसऱ्या गटात खादाडांची. दोन पिढ्यांतच फरक उघड झाला. दोन्हीकडची वासरं सारखीच वाढायची, पण काटकसरी गटाला चारा कमी लागायचा. हा गुण रक्तातून बऱ्यापैकी उतरतो, जनावरा-जनावरांतल्या फरकाचा साधारण 40 टक्के भाग आनुवंशिक असतो, असं त्या अँगसच्या आकड्यांतून निघालं.

माझ्या शेजारी बसलेल्या शेतकऱ्यानं विचारलं, परदेशातल्या बैलांचं आपल्या शेळीला काय? सर म्हणाले, पोट तेच आहे. चार कप्प्यांचं, रवंथ करणारं. चारा विकत घ्यायची वेळ दोघांवरही येते.

त्या दुपारी मला पहिल्यांदा लख्ख कळलं की पाच वर्षं मी हिशोबाची एकच बाजू लिहीत होतो. मटण किती झालं ते लिहिलं, चारा किती गेला ते लिहिलंच नाही. आणि धंद्यातला सगळ्यांत मोठा खर्च तर चाऱ्याचाच.

घरी आल्यावर पुढच्या हिवाळ्यापर्यंत मी बारा कप्पे बांधले. चार बाय पाच फुटांचे, मधे बाभळीच्या फळ्या, प्रत्येकाला पत्र्याची स्वतंत्र गव्हाण. साडेतीन-चार महिन्यांची बारा नर करडं त्यात घातली. पहिले दोन आठवडे सवय व्हायला, मग 70 दिवस चाचणी. सरांनीच सांगितलं होतं की त्यापेक्षा कमी दिवसांत वाढीचा आकडा भरवशाचा येत नाही. रोज सकाळी प्रत्येकाला तोलून कडबाकुट्टी, तुरीचं भुसकट, दशरथ घास आणि मूठभर भरडा. दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाणीत उरलेलं काढून तोलायचं आणि दिलेल्यातून वजा करायचं.

उरलेलं तोलण्याचं काम बायकोनं अंगावर घेतलं. ते काम सोपं नाही. गव्हाणीत राहतात ते बहुतेक कडब्याचे बुंधे, लाळेनं भिजलेले. घासाची पानं कधीच संपलेली असतात. काही करडं पुढच्या पायानं चारा बाहेर ओढतात, तो खाली लेंड्यांत पडतो. तो खाल्लेल्यात धरायचा की उरलेल्यात? तो वेगळा वेचून तोलावा लागतो. ओला चारा जड भरतो म्हणून ती उरलेलं आधी पत्र्यावर पसरून उन्हात सुकवायची आणि दुपारी तोलायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. 70 दिवसांत तिचा एकही दिवस चुकला नाही.

आणि इथं मी दोन चुका केल्या, एक वहीत आणि एक गोठ्यात.

वहीतली चूक अशी. अपेक्षित चारा काढायचा तर बरीच जनावरं लागतात, गणित लागतं, आणि माझ्याकडं करडं बारा. ते गणित मला जमत नव्हतं, आणि जमत नाही असं सरांना कळवायला मला संकोच वाटला. मग मी सोपा भागाकार केला. एक किलो वजन वाढायला किती किलो चारा लागला? कुणाला साडेसात, कुणाला नऊ, कुणाला बारा. सगळ्यांत कमी आकडा तो पहिला नंबर. पुढं अनेक वर्षांनी प्रशिक्षणाची ती वही चाळताना त्यात माझ्याच अक्षरात एक वाक्य सापडलं. "नुसत्या भागाकारावर निवड करू नये. भरभर वाढणारी निवडली जातात. त्यांच्या मुली थोराड होतात. थोराड आई जन्मभर जास्त खाते." खाली मी दोन रेघाही ओढल्या होत्या.

गोठ्यातली चूक जास्त लागते.

आठ नंबरच्या गव्हाणीत रोज बरंच उरायचं. सात नंबरची गव्हाण मात्र चाटूनपुसून साफ. महिनाभरानं बायको मला म्हणाली, "अहो, आठ नंबर रोज एवढं टाकतोय, तरी त्याचं पोट असं तट्ट कसं? आणि सात नंबर सगळं खाऊनही बरगड्या दाखवतोय. काहीतरी बघा." तिनं शंका म्हणून सांगितलं. मी ते पुरावा म्हणून ऐकलं. मी म्हणालो, "हेच तर आपण शोधतोय. कमी खातो आणि अंगी लागतं." ती थोडा वेळ थांबली आणि मग काट्याकडं वळली.

70 दिवस संपले तेव्हा आठ नंबर पहिला आला, साडेसात किलोला एक किलो. सात नंबर शेवटचा, बारा किलोला एक. सात नंबरच्या कानाच्या टोकांवर तांबूस केस होते. त्याला मी त्याच आठवड्यात व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढवलं. दुबळा होता म्हणून भावही कमी मिळाला. आठ नंबर कळपाचा बोकड झाला.

दुसऱ्या वर्षी नवी बारा करडं घातली. पुन्हा आठ नंबरच्या कप्प्यातलंच करडू पहिलं आलं. ते आठ नंबरच्या बोकडाचंच होतं, म्हणून मला ते त्याच्या रक्ताचं फळ वाटलं आणि खूप आनंद झाला. शेवटचा कोण आला ते मी बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या वर्षी आठ नंबरमध्ये वेगळ्याच घराण्यातलं करडू होतं, जुन्या शेळीचं, जिच्या लेकरांकडून माझी काही अपेक्षा नव्हती. तेही पहिलं येऊ लागलं. तेव्हा मी तिन्ही वर्षांची पानं शेजारी शेजारी ठेवली. तिन्ही वर्षी आठ नंबर पहिला, आणि तिन्ही वर्षी सात नंबर शेवटचा. बारा करडांत असं एकदा होईल, दोनदा होईल. तीनदा करडू बदलूनही कप्पा बदलत नाही, तर गुण कप्प्याचा आहे.

दुपारी जेवण झाल्यावर मी कप्प्यांसमोर पोतं टाकून बसलो. तासभर काही झालं नाही. मग आठ नंबरचं करडू उठलं, मधल्या फळीपाशी गेलं, मान आडवी केली आणि तोंड फळीच्या पलीकडं घातलं. बाभळीची फळी ओली असताना ठोकली होती. ती वाळून वाकली होती आणि गव्हाणीच्या उंचीवर चार बोटांची फट पडली होती. त्या फटीतून ते सात नंबरच्या गव्हाणीतली घासाची पानं ओढून खात होतं. सवयीनं, घाई न करता. कडब्याच्या बुंध्यांना त्यानं तोंडही लावलं नाही. सात नंबरचं करडू शेजारी उभं होतं. त्याचं झाल्यावर ते पुढं आलं आणि उरलेले बुंधे चावत राहिलं, गव्हाण साफ होईपर्यंत.

एकाचा चारा दुसऱ्याच्या पोटात गेला होता आणि वहीत पहिल्याच्या नावावर चढला होता. मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती काही बोलली नाही. तिनं कनवटीची चुंबळ सोडून त्या फटीत दाबली आणि आत गेली. संध्याकाळी मी तिला म्हणालो की तू तेव्हाच सांगितलं होतंस. तरी ती त्यावर काही बोलली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तोवर आठ नंबरची पैदास आमच्या कळपात आणि गावात मिळून 130 च्या वर गेली होती. तो वाईट बोकड होता असं नाही. तो चांगला होता की वाईट, हे मला माहीतच नव्हतं, आणि मी मात्र लोकांना वही उघडून आकडे दाखवत होतो. तांबूस कानांचा तो सात नंबर निम्म्या चाऱ्यावर, नुसत्या बुंध्यांवर जेवढा वाढला होता ते बघता कदाचित बारांतला तोच सगळ्यांत काटकसरी असावा. त्याची ना आई राहिली होती, ना भाऊ. शेतात चुकीचं बी पेरलं तर पुढच्या हंगामात बदलता येतं. कापलेला बोकड परत येत नाही, आणि त्याच्यात जे होतं ते दुसऱ्या कुठल्या जनावरात असेलच असं नाही.

फळ्या काढून मी पत्रे ठोकले. पण निवड भागाकारावरच चालू ठेवली, कारण ती चूक आहे हे मला अजून कळलं नव्हतं. ते कळायला दुष्काळ यावा लागला.

2014 चा पाऊस कमी झाला, 2015 चा त्याहून कमी. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं, हे सगळ्यांच्या लक्षात असेल. आमच्या माळावर मार्गशीर्षातच काही उरलं नव्हतं. कडब्याचा भाव दुपटीच्या पुढं गेला. माझ्याकडं तेव्हा 64 शेळ्या होत्या आणि त्यांच्याकडं बघून मला अभिमान वाटायचा. दहा वर्षांपूर्वी कळपातली मोठी शेळी सरासरी 32 किलोची असायची, ती 38-39 किलोची झाली होती.

वजन वाढलं की शेळीला नुसतं जगायला लागणारा चाराही वाढतो. वजनाच्या पटीत नाही, थोडा कमी, पण वाढतोच. पूर्वी ज्या चाऱ्यात सहा शेळ्या भागायच्या, त्यात आता पाच भागत होत्या. आणि मांसासाठी रवंथ करणारी जनावरं पाळण्याच्या धंद्यात, ती शेळी असो वा परदेशातली गाय, एकूण चाऱ्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग विकल्या जाणाऱ्या पिलांच्या पोटात जात नाही. तो आयांच्या पोटात जातो. करडाच्या सत्तर दिवसांत मी थोडाफार चारा वाचवत होतो आणि त्याच्या बहिणीच्या सात-आठ वर्षांच्या आयुष्यात तो कितीतरी पटींनी घालवत होतो. सुकाळात ते दिसलं नाही, कारण माळ फुकट होता.

त्या उन्हाळ्यात ते रोज दिसू लागलं. आधी थोराड शेळ्या खंगल्या. त्यांच्या पाठीचा कणा हाताला लागायला लागला, त्या माजावर येईनात, गाभण होत्या त्यातल्या पाच गाभडल्या. कोपऱ्यातल्या नऊ-दहा जुन्या शेळ्या, ज्या मी केवळ बायकोच्या आग्रहामुळं ठेवल्या होत्या, त्या वाळलेला पाला आणि बाभळीच्या शेंगा खाऊन टिकल्या. त्यातल्या तिघींनी वैशाखात जुळी दिली आणि सहाही करडं जगवली. त्या पाण्यालाही कमी जायच्या.

मी 31 शेळ्या विकल्या. सगळा तालुका विकत होता, भाव निम्म्यावर आला होता. टेम्पो भरताना व्यापाऱ्याचा माणूस एकेकीला उचलून म्हणत होता, "हाडं दणकट आहेत, मांस नाही."

हे झालं माझं नुकसान. वस्तीच्या खालच्या अंगाला एक आक्का राहतात. नवरा लवकर गेला, जमीन नाही, मजुरी आणि तीन शेळ्या यांवर दोन लेकी वाढवल्या. त्यांच्या शेळ्या लहानखुऱ्या, 26-27 किलोच्या, पण दोन वर्षांत तीन वेतं देणाऱ्या आणि बहुतेक वेतांत जुळं. रस्त्याकडेचं खाऊन. त्यांच्याकडं त्याच घराण्यातला एक छोटा बोकड होता. 2010 साली मी स्वतः त्यांच्या दारात जाऊन सांगितलं, "आक्का, हा बोकड बडवून टाका. माझ्याकडं चाचणीचा बोकड आहे, शेळ्या तिकडं आणा, पैसे नकोत." मला खरंच वाटत होतं की मी त्यांचं भलं करतोय. आक्कांनी विचारलं होतं, "ल्हान शेळीला येवढा मोठा बोकड झेपंल का भाऊ?" मी म्हणालो, काही होत नाही.

पुढच्या सालात त्यांची एक शेळी करडू अडून मेली. करडू एकटं होतं आणि मोठं होतं. रात्रीची वेळ, डॉक्टर सकाळी आले. उरलेल्या दोघींच्या मुली अंगानं मोठ्या झाल्या, पण एकेकच करडू देऊ लागल्या आणि रस्त्याकडेच्या चाऱ्यावर त्यांचं भागेना. आक्का त्यांच्यासाठी भरडा विकत आणू लागल्या. मजुरीच्या पैशातून. हे मला कुणी सांगितलं नाही. 2016 च्या मे महिन्यात, टेम्पो गेल्यानंतर, मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा दावण रिकामी होती आणि कोपऱ्यात भरड्याचं अर्धं पोतं होतं. ते बघून मी विचारलं, तेव्हा कळलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. फळीची फट, वहीतलं गणित, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडं लिव्हलेलं हुतं. म्हून आमी ऐकलं."

यावर मला काही बोलता आलं नाही. आजही त्यावर काही उत्तर माझ्याकडं नाही. ज्याच्याकडं काटा आणि वही असते, त्याच्या शब्दाला गावात वजन येतं. त्या माणसाची चूक त्याच्या एकट्याच्या गोठ्यात राहत नाही. आठ-दहा घरच्या शेळ्या माझ्या बोकडाकडं आल्या होत्या. मी प्रत्येक घरी जाऊन आलो. काहींनी हसून घेतलं, एका घरी दार लावून घेतलं.

आक्कांचं जुनं घराणं पूर्ण संपलं नव्हतं. थोरल्या लेकीला लग्नात दिलेली एक पाठ, म्हणजे तरुण शेळी, होती, ती भूम तालुक्यात तिच्या सासरी वाढली होती, आणि तिची लेकरं तिथं दोन घरी अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, दिलेली होती. मी मोटारसायकलवर गेलो. पहिल्या घरचा बोकड महिन्यापूर्वीच विकला होता. दुसऱ्या घरी एक बोकड आणि दोन पाठी मिळाल्या. बोकड चौदा महिन्यांचा, 24 किलोचा. 2004 साली बार्शीच्या बाजारात मी त्याच्याकडं वळूनही बघितलं नसतं.

त्यानंतर कामाची रीत बदलली. अपेक्षित चाऱ्याचं गणित मी सरांकडं जाऊन शिकलो. त्यांचं वय झालं होतं, पण दोन दिवस त्यांनी माझ्यासोबत वहीवर घालवले. काटकसरी जनावराच्या अंगावर चरबी जरा कमी असते, म्हणून फक्त तेवढंच धरून चाललात तर पुढं पाठी उशिरा माजावर येतील, हेही त्यांनी बजावलं. आता करडांची कप्प्यातली जागा दर दहा दिवसांनी बदलते. चाचणीत शेवटचं आलेलं करडू मी लगेच विकत नाही. दुसऱ्या चाचणीपर्यंत ठेवतो, चारा लागला तरी. आणि करडांच्या आधी आयांची वही बघतो. आईचं स्वतःचं वजन किती आणि तिनं वर्षभरात किती किलोची करडं दूध तुटेपर्यंत वाढवली. 27 किलोची शेळी जुळं वाढवून 20 किलो देते तेव्हा ती 39 किलोच्या एकेरी शेळीला मागं टाकते.

ही नजर महाराष्ट्रात आधीपासून होती, मला नव्हती. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं जुळ्यांचं जनुक आणलं ते सुंदरबनातल्या गारोल मेंढीकडून. ती मेंढी आपल्या दख्खनी मेंढीहून कितीतरी लहान असते. तिच्यातला तेवढाच गुण दख्खनीत उतरवून त्यांनी नारी सुवर्णा तयार केली. मी त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात वाचलं होतं, त्याच काळात मी लहान शेळ्या विकत होतो.

भूमहून आणलेल्या बोकडाची पहिली करडं 2017 च्या पावसाळ्यात झाली. त्यातल्या दोन पाठी दूध तुटल्यावर मी आक्कांकडं घेऊन गेलो. त्या पैसे देऊ लागल्या, मी घेतले नाहीत. मग म्हणाल्या, तसं असंल तर अर्धलीनं ठेवते. ते मी मान्य केलं. त्यांनी एका पाठीला मांडीशी ओढली. काटा त्यांच्याकडं नाही. त्यांनी दातही बघितले नाहीत. ओच्यातून बाभळीच्या चार वाळक्या शेंगा काढल्या आणि तळहातावर धरल्या. पाठीनं हुंगलं, एक शेंग उचलली, चावली, मग दुसरी. आक्का तिच्या तोंडाकडं बघत होत्या. शेवटच्या शेंगेचा एक तुकडा खाली मातीत पडला, तो पाठीनं वाकून उचलला.

"खाती," आक्का म्हणाल्या, आणि दाव्याची गाठ मारायला खाली बसल्या.